शहरातला धंदा वाढवायला महापालिका नेमकं काय करू शकते?

महापालिकेच्या निवडणुकीतला उमेदवार ‘आपल्या भागात रोजगार आणू’ असं म्हणतो, तेव्हा त्याला शांतपणे एक प्रश्न विचारायला हवा. कोणत्या अधिकारात आणणार?

कारखान्याला जागा देते एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ. वीज येते महावितरणकडून. प्रदूषणाची संमती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घ्यायची. उद्योगांना सवलती द्यायच्या की नाहीत, हे राज्याचं उद्योग खातं ठरवतं. पुण्यात साध्या दुकानाची शॉप अ‍ॅक्टची नोंदसुद्धा कामगार खात्याकडे होते. महापालिकेच्या हातात यातलं काहीच नाही. मग महापालिकेने आर्थिक विकासाच्या गोष्टी करूच नयेत का?

जरूर कराव्यात, तसं घटनेतच लिहिलंय. ७४व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३पासून, घटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय तिच्यात आहेत. पहिला नगरनियोजन, दुसरा जमिनीचा वापर आणि बांधकामांचं नियमन, आणि तिसराच विषय आर्थिक व सामाजिक विकासाचं नियोजन. पाणीपुरवठा आणि घनकचरा त्याच्याही खाली आहेत. पण ‘सोपवता येतील’ आणि ‘सोपवले’ यांत अंतर आहे. पाण्याला खातं आहे, रस्त्यांना खातं आहे, अतिक्रमणाला खातं आहे. आर्थिक नियोजनाला स्वतःचा अभियंता नाही, टेंडर नाही, म्हणून तो विषय कागदावर राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बाहेरून मोठा कारखाना ओढून आणणं हे महापालिकेचं काम नाही आणि तिला ते जमणारही नाही. गावात जे धंदे आधीपासून चालू आहेत त्यांचा रोजचा खर्च आणि रोजची अनिश्चितता कमी करणं मात्र पूर्णपणे तिच्या हातात आहे. आणि हे काम छोटं नाही.

पुण्याचाच इतिहास पाहा. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली १९५४मध्ये. १ ऑगस्ट १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली आणि साठच्या दशकात टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज यांच्यासारखे कारखाने पिंपरी-आकुर्डीच्या माळावर उभे राहिले. १९६४मध्ये राज्याने उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आणली, म्हणजे मागास भागात कारखाना काढा आणि सवलती घ्या. या योजनेत तालुक्यांची वर्गवारी असते. पुणे-पिंपरीचा पट्टा विकसित गटात मोडतो, म्हणजे सवलती सर्वांत कमी. तरी कारखाने इथेच येत राहिले. मुंबई जवळ होती, धरणांचं पाणी होतं, १८५४पासून चालत आलेलं अभियांत्रिकी महाविद्यालय होतं, लेथवर हात बसलेले कामगार होते आणि सुटे भाग बनवून देणारे छोटे वर्कशॉपवाले होते. एक कारखाना आला की त्याच्याभोवती पन्नास पुरवठादार, आणि पुरवठादार आहेत म्हणून दुसरा कारखाना. या साखळीला अर्थशास्त्रात मोठमोठी नावं आहेत, पण भोसरीतल्या कुठल्याही शॉपफ्लोअरवर ती कोणीही समजावून सांगेल.

सवलतीसाठी आलेला उद्योग दुसरीकडे जास्त सवलत मिळाली की निघून जातो. माणसं, पुरवठादार आणि सोयी यांच्यासाठी आलेल्याला उठणं जड जातं. म्हणून शहराने पैसा कशावर घालायचा याचं उत्तर मला तरी स्पष्ट दिसतं.

रोजचा खर्च म्हणजे काय

समजा, सिंहगड रस्त्यावर एक बाई पोळी-भाजी केंद्र चालवतात. हाताखाली चार-पाच जणी. धंद्याची चौकशी करताना आपण कणीक, तेल, गॅस, भाडं एवढंच विचारतो. पण त्यांच्या हिशेबात महापालिकेने घातलेले, न दिसणारे आकडेही असतात. नळाला पाणी कमी दाबाने येतं, म्हणून टँकर. ड्रेनेज तुंबलं की अर्धा दिवस दुकान बंद. समोरचा रस्ता केबलसाठी खोदला की महिनाभर गिऱ्हाईक पलीकडच्या बाजूला वळतं. परवान्याला क्षेत्रीय कार्यालयात चार खेपा. कामाला येणारी बाई बस वेळेवर नाही म्हणून रिक्षाने येते आणि दोन महिन्यांनी परवडत नाही म्हणून काम सोडते. मग नवी बाई शोधा, तिला शिकवा.

यातली एकही गोष्ट ‘औद्योगिक धोरण’ या मथळ्याखाली येत नाही. पण केंद्र टिकणार की बंद पडणार, हे यावरच ठरतं.

आता एक छोटा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतलेत. नऱ्ह्यातल्या एका वर्कशॉपमध्ये दहा कामगार आहेत. वाहतूक आणि खराब रस्ता यांमुळे प्रत्येकाचा रोज अर्धा तास वाया जातो. दिवसाला पाच तास झाले. महिन्याच्या २५ दिवसांत १२५ तास. आठ तासांची पाळी धरली तर पंधराहून जास्त पाळ्या, म्हणजे अर्ध्याहून जास्त महिना एक माणूस कामावर आलाच नाही असं समजा. हा तोटा मालकाच्या वहीत कुठेच लिहिलेला नसतो. काही कामगाराच्या झोपेतून जातो, काही ओव्हरटाइममधून, काही उशिरा पोचलेल्या मालातून. रस्ता नीट करणं ही त्या वर्कशॉपला दिलेली सवलतच आहे. फरक इतकाच, की ती एका कंपनीला मिळत नाही, सगळ्यांना मिळते.

म्हणून मी बसला आर्थिक धोरणात वरचं स्थान देते. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र होऊन २००७मध्ये पीएमपीएमएल झाली. दोन्ही शहरांमधली माणसं कामाला कुठवर जाऊ शकतात, हे या बसवर अवलंबून आहे. येरवड्यातल्या वस्तीत राहणाऱ्या मुलीला हिंजवडीतली नोकरी दोन बसा बदलून तीन तासांत जाऊन-येऊन करावी लागत असेल, तर ती नोकरी तिच्यासाठी शहरात नाहीच. मेट्रो ६ मार्च २०२२ला सुरू झाली हे चांगलंच झालं. पण स्टेशनवरून घरापर्यंत फूटपाथ नसेल आणि पुढची बस नसेल, तर मेट्रोचा फायदा स्टेशनजवळच्या जागांच्या भावांना जास्त होतो, कामगाराला कमी.

पाण्याचंही तसंच. जून २०१७मध्ये पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, १० वर्षांच्या मुदतीचे, ७.५९ टक्के व्याजाने, आणि ते मुंबई शेअर बाजारात नोंदवले. कर्जरोखे म्हणजे शहराने गुंतवणूकदारांकडून घेतलेलं थेट कर्ज. त्यासाठी शहराला आपला जमाखर्च दाखवावा लागतो, पत ठरवून घ्यावी लागते. मोठं आणि दीर्घकाळ टिकणारं काम पुढच्या पिढीबरोबर वाटून घेऊन करायचा हा रास्त मार्ग आहे. पण पुढे टाक्या, जलवाहिन्या आणि मीटर यांचं काम वर्षानुवर्षे रेंगाळलं. कर्ज उभारता येणं आणि काम वेळेत उरकता येणं या वेगवेगळ्या क्षमता आहेत. धंदेवाल्याला यांतली दुसरी क्षमता हवी असते.

अनिश्चिततेबद्दल थोडं. व्यापारी कर भरतो, कुरकुरत का होईना. त्याला जो सोसत नाही तो ‘बघू’. परवाना किती दिवसांत मिळेल, रस्ता कधी खोदणार, पुढच्या वर्षी कर किती असेल, हे सांगता आलं पाहिजे. राज्याने २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात एक चांगली सुधारणा केली: तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणी प्रमाणपत्राची गरज उरली नाही, फक्त सूचना देणं पुरेसं झालं. आपल्या अखत्यारीतल्या प्रत्येक परवान्याला महापालिकेने हाच प्रश्न लावावा. या कागदाने कोणाचं संरक्षण होतं? आगीपासून, रोगराईपासून होत असेल तर कागद कडक ठेवा आणि मुदतीत द्या. होत नसेल तर काढून टाका.

आणखी एक गोष्ट अगदी हाताशी आहे. महापालिका स्वतः शहरातल्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. बाकं, गणवेश, छपाई, दुरुस्ती, दिवे अशी खरेदी ती सतत करत असते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं ४५ दिवसांत चुकती करायची, असं २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. हे वेळापत्रक पाळलं तरी अनेक छोट्या पुरवठादारांची खासगी सावकारी सुटेल. त्यासाठी कुठल्या नव्या योजनेची गरज नाही.

तिजोरी कुठून भरते, यावर बरंच ठरतं

हा भाग सहसा बोलला जात नाही, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

पूर्वी जकात होती. शहराच्या वेशीवर नाके, ट्रकच्या रांगा, पावत्या, आणि त्यातून होणारा त्रास. जकात वाईट कर होता यात शंका नाही, कारण ती मालाच्या हालचालीवरच बसायची. पण तिच्यात एक दुवा होता. शहरात जितका माल येई, जितका धंदा वाढे, तितकी तिजोरी भरे. पिंपरी-चिंचवडला ‘आशियातली श्रीमंत महापालिका’ म्हणत, ते कारखान्यांच्या जकातीवरच.

१ एप्रिल २०१३पासून पुण्यात जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून विरोध केला. ऑगस्ट २०१५मध्ये वर्षाला ५० कोटींहून कमी उलाढाल असलेल्यांची एलबीटीतून सुटका झाली आणि १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर तोही संपला. त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना दरमहा नुकसानभरपाई देतं. ती पूर्वीच्या उत्पन्नावरून ठरते आणि दरवर्षी ठरावीक दराने वाढते.

म्हणजे आता लक्ष्मी रस्त्यावर विक्री दुप्पट झाली काय किंवा निम्मी झाली काय, त्या महिन्याच्या भरपाईचा आकडा तोच. धंद्याची वाढ आणि शहराची तिजोरी यांच्यातला थेट दुवा तुटला.

मग महापालिकेला स्वतःच्या हिमतीवर वाढवता येईल असं काय उरलं? मुख्यतः मिळकत कर आणि बांधकाम परवानगीतून येणारं शुल्क व प्रीमियम. बांधकाम शुल्क लवकर येतं, एकदाच येतं आणि मोठं येतं. त्यामुळे मोठ्या बांधकामाची फाइल सगळ्यांना महत्त्वाची वाटू लागते आणि गुरुवार पेठेतल्या कारागिराच्या गळक्या ड्रेनेजची तक्रार मागे पडते. यात कुणा एका अधिकाऱ्याचा दोष नाही. तिजोरीची रचनाच तशी आहे. पण बांधकामाची लाट ओसरली की हे उत्पन्नही ओसरतं, आणि तोवर नव्या इमारतींना पाणी, रस्ता, कचरा पुरवायची जबाबदारी कायमची येऊन बसलेली असते.

मिळकत कर त्या मानाने प्रामाणिक आहे. दुकान, ऑफिस, गोदाम चाललं की तो दरवर्षी येत राहतो. त्यातही बिगरनिवासी मिळकतींना घरांपेक्षा बराच जास्त दर असतो. तो वसूल करायचा असेल तर एक पथ्य पाळलं पाहिजे: ज्या भागातून हा कर येतो तिथे त्यातला काही वाटा दिसला पाहिजे. हल्लीच महापालिकेत आलेल्या गावांमध्ये, २०१७ला ११ आणि २०२१ला २३ गावं घेतली तेव्हापासून, हीच तक्रार आहे. कराचं बिल आधी आलं, ड्रेनेजची लाइन नंतर येणार. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं तर पुढे महापालिकेतून बाहेर पडली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. तिथल्या माणसांना कर देणं नको होतं असं मी मानत नाही. दिलेल्या कराचं काय होतं ते त्यांना दिसत नव्हतं.

जमीन आणि कारागीर

महापालिकेचं सर्वांत धारदार हत्यार म्हणजे विकास आराखडा, आपल्या बोलीत डीपी. कुठे घरं, कुठे कारखाने, कुठे बाजार, कुठला रस्ता किती रुंद, हे त्यात ठरतं. महाराष्ट्रात हे १९६६च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली होतं. आराखड्यातली एक रेघ एखाद्याला कोट्यधीश करते आणि एखाद्याचं वर्कशॉप बेकायदा ठरवते.

मगरपट्टा सिटी ही टाउनशिप इथे आठवते. हडपसरच्या शंभरहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली सलग चारशेहून अधिक एकर जमीन तुकड्यातुकड्याने बिल्डरला विकण्याऐवजी एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागधारक झाली. शेती गेली, पण मालकी गेली नाही. यातून शिकण्यासारखं असं, की नियोजनाची परवानगी देणाऱ्या यंत्रणेने जमीनमालकाला भागीदार व्हायची वाट मोकळी ठेवली, तर विकासाचा पैसा गावातच फिरतो. सगळीकडे हे होणार नाही, बहुतेक एकाच, मगर आडनावाच्या माणसांचा एवढा एकोपा दुर्मीळ असतो. पण नगररचना योजना, म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते-मैदानं काढून उरलेले नीट आकाराचे भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे, ही त्याच विचाराची सरकारी वाट आहे. पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हाळुंगे-माण भागात ती हाती घेतली.

याच्या उलट काय होतं ते जुन्या पेठांत दिसतं. तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यांवर मठार काम, म्हणजे हातोडीने ठोकून घडवायचं काम होतं. घाव घालताना आवाज होतोच. जुने वाडे पाडून फ्लॅट झाले की नव्या रहिवाशांना आवाज नको असतो, आणि कारागिराला तेवढ्या भाड्यात दुसरीकडे जागा मिळत नाही. कारागिरांसाठी परवडणारे गाळे राखून ठेवणं आणि तसा वापर नियमात बसवणं हे काम महापालिकाच करू शकते. दुसरं कुणी करणार नाही.

पथारी आणि कचरा

पुण्यात ज्याला आपण पथारी म्हणतो ती हजारो घरांची चूल आहे. २०१४चा फेरीवाला कायदा सांगतो: सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, जागा ठरवा आणि तोवर कुणाला उठवू नका. शहर फेरीवाला समितीत ४० टक्के सदस्य खुद्द विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांतल्या किमान एक तृतीयांश बायका. कायदा चांगला आहे. अडचण अंमलबजावणीत आहे. आज बसू देतील, उद्या अतिक्रमणाची गाडी येईल, अशा स्थितीत कोणीही चांगली गाडी, स्वच्छ पाण्याची टाकी किंवा बरा माल यांवर पैसा घालत नाही. जून २०२०मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी या केंद्राच्या योजनेतून सुरुवातीला पहिलं १० हजारांचं कर्ज मिळू लागलं, पण जागेचीच हमी नसेल तर कर्जाने धंदा वाढत नाही, हप्ता वाढतो. पादचाऱ्याला फूटपाथ मिळालाच पाहिजे, हेही मी तितक्याच जोरात म्हणेन. म्हणूनच आखलेल्या जागा हव्यात. आखणी नसली की दोघंही रस्त्यावर येतात.

कचऱ्याच्या बाबतीत पुण्याने जे केलं त्याचा मला खरा अभिमान आहे. कागद, काच, पत्रा गोळा करणाऱ्या कष्टकरी बायका १९९३मध्ये संघटित झाल्या. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८मध्ये महापालिकेने तिच्याशी करार केला. आज तीन हजारांहून अधिक कचरावेचक दारोदार जाऊन कचरा घेतात, घरटी शुल्क घेतात, भंगार विकून कमावतात. महापालिकेने इथे नोकऱ्या दिल्या नाहीत, अनुदानाचा मोठा डोंगरही उभा केला नाही. जे काम या बायका आधीपासून करत होत्या त्याला मान्यता दिली, ओळखपत्र दिलं, कचऱ्यावरचा हक्क दिला. त्याच वेळी शहराचा कचरा उचलण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्चही वाचला. स्थानिक आर्थिक विकासाचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. आणि दर वेळी कराराची मुदत संपत आली की हे काम मोठ्या ठेकेदाराला द्यायची चर्चा सुरू होते, तेव्हा फार वाईट वाटतं.

इमारत बांधावी की माणसांवर खर्च करावा, हा वाद पुण्याला नवा नाही. १८८६मध्ये नगरपालिकेने रे मार्केट उघडलं, म्हणजे आजची मंडई. उघड्यावर बसणाऱ्या भाजीवाल्यांना छप्पर मिळालं, गिऱ्हाइकाला एका जागी माल मिळाला, पालिकेला गाळ्यांचं भाडं मिळालं. पण त्याआधी नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी या मोठ्या खर्चाला विरोध केला होता. त्यांच्या मते तो पैसा शिक्षणावर खर्च व्हायला हवा होता. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. मला दोन्ही बाजू पटतात. बाजाराची जागा हवी, यात वाद नाही. पण आज जो पूल, जे सुशोभीकरण, जो पुतळा मंजूर होतो, त्यासमोर महापालिकेच्या शाळेत सातवीत असलेल्या मुलीला काय मिळतंय, हे जोतीरावांनी विचारलं तसं सभागृहात कोणीतरी विचारायला हवं. दहा वर्षांनी शहरात कामगार कसे असतील ते त्या वर्गात ठरतंय.

विचारायला सभागृह तर हवं. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर कित्येक वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. आणि जिथे महापालिकाच नाही तिथली गोष्ट आणखी अवघड आहे. हिंजवडीत आयटी पार्कच्या आत एमआयडीसी, गावात ग्रामपंचायत, भोवतीच्या नियोजनाला पीएमआरडीए, आणि वाहतुकीला पिंपरी-चिंचवडचे पोलीस. पाऊस पडून रस्ता तुंबला की प्रत्येकाकडे दुसऱ्याचा नंबर असतो. लाखो लोक कामाला येतात अशा जागेला एक जबाबदार कार्यालय नसणं, हा या भागाचा सर्वांत महागडा खर्च आहे.

आपल्या हातात काय आहे, तेही सांगते. पुणे महापालिकेत २००६पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवली जातात. क्षेत्रीय कार्यालयात साधा अर्ज भरायचा असतो, साधारण पावसाळ्याच्या शेवटी त्याची मुदत जाहीर होते. बहुतेक अर्ज बाकं, दिवे, गट्टू यांसाठी येतात. त्याऐवजी आपल्या गल्लीतल्या दुकानदारांना, पोळी-भाजीवाल्या ताईंना, रिक्षा स्टँडवरच्या दादांना आधी विचारा, की धंद्यात रोज काय अडतं. माल उतरवायला जागा हवी असेल, बस थांब्याला शेड हवी असेल, ड्रेनेजची एक जाळी बदलायची असेल, तर तेच लिहा. नेमकी जागा लिहा, फोटो जोडा, चार धंदेवाल्यांच्या सह्या घ्या आणि पोच घ्यायला विसरू नका. मार्चमध्ये अंदाजपत्रक आलं की आपल्या प्रभागाच्या यादीत ते काम आहे का, ते पाहा. नसेल तर पोच घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जा आणि का वगळलं, ते लेखी मागा.